प्रकाशाला मागे टाकायचंय? आधी वेळापत्रक लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सहा-सात जण, कोणी फोंड्याचे, कोणी साखळीचे, मडगावचे, एक जण सावंतवाडीचा, मिळून एकाच काल्पनिक विश्वात विज्ञानकथा लिहिणार आहात. माणूस सूर्यमालेबाहेर जाऊन तीनशे वर्षं झालीत, आसपासच्या ताऱ्यांभोवती वसाहती आहेत. प्रकाशापेक्षा वेगानं जायचं तंत्र कुठलं घ्यायचं यावर मात्र सगळं अडलंय. काहींना वॉर्प हवाय, म्हणजे जहाजाभोवतीचा अवकाशच वाकवून पुढे सरकणं; काहींना वर्महोल, म्हणजे दोन दूरच्या जागा जोडणारा अवकाशातला बोगदा. एकाला धास्ती आहे की भौतिकशास्त्र शिकलेला कोणीतरी वाचेल आणि हसेल.

दिवाळी अंकांसाठी चालवलेल्या अशा सामाईक विश्वांच्या नियमवह्या मी बरीच वर्षं सांभाळल्या आहेत. त्या बळावर सांगतो: इंजिनाचा विषय सगळ्यात शेवटी घ्या. वाचक इंजिन बघायला येत नाही. इंजिनामुळे कोण कुणापासून किती दिवस लांब आहे, हे त्याला कळायला हवं. एकट्यानं कादंबरी लिहिताना हे डोक्यात ठेवून भागतं, सात जणांनी लिहिताना भागत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत फक्त एवढंच ठरवा: एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती दिवस, वाट कुठून कुठे असते, खर्च कोणाला झेपतो, आणि बातमी माणसाच्या आधी पोचते की माणसाबरोबरच. यांतला शेवटचा मुद्दा सगळे विसरतात आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

उदाहरणासाठी लांब जायला नको, आपण गोव्यातच बसलोय. लिस्बन ते गोवा हा पोर्तुगीज गलबतांचा प्रवास सहा-सात महिन्यांचा असे. पण 'सहा महिने' एवढ्यानं काहीच कळत नाही, खरी गंमत वेळापत्रकात आहे. लिस्बनहून मार्च-एप्रिलच्या सुमारास निघायचं, आफ्रिकेला वळसा घालायचा, नैर्ऋत्य मोसमी वारा पकडायचा आणि पावसाळा सरताना, सप्टेंबरच्या आसपास मांडवीच्या मुखाशी यायचं. परतीसाठी डिसेंबर अखेर किंवा जानेवारी. वारा चुकला तर मोझांबिकला महिनोन्‌महिने अडकून पडायचं, आणि तिथे तापानं माणसं मरायची. ऐन पावसाळ्यात मांडवीचं मुखच वाळूच्या पट्ट्यामुळे आणि खवळलेल्या समुद्रामुळे बंद.

आता हिशोब मांडा. गोव्यातल्या विजरईनं, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या इथल्या प्रतिनिधीनं, १६०० सालच्या जानेवारीत राजाला पत्र लिहिलं, "अमुक किल्ल्याला सैन्य द्या." पत्र त्या वर्षीच्या पावसाळ्यात कधीतरी लिस्बनला पोचणार. त्या वर्षीची गलबतं तोवर निघून गेलेली. उत्तर १६०१ च्या मार्चमध्ये निघणार आणि सप्टेंबरात गोव्याला येणार. वीस महिने. विजरईची नेमणूक साधारण तीन वर्षांची! म्हणजे एका कारकिर्दीत राजाशी धड दोन सवाल-जवाबही होत नाहीत. मग विजरई काय करणार? स्वतःच्या अकलेनं युद्ध करणार, तह करणार, खिसे भरणार आणि मागाहून कळवणार. गोव्याच्या राजकारणातलं बरंच काही या एका वेळापत्रकातून निघतं. गलबताच्या शिडाची कापडं कुठली होती याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरं उदाहरण तर आयत्या कथाबीजासारखं आहे. पोर्तुगालवर १५८० पासून स्पेनच्या राजाची सत्ता होती. १ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये उठाव झाला आणि ब्रागांझाचा ड्यूक चौथा जुआंव म्हणून गादीवर बसला. गोव्याला हे कळलं पुढच्या वर्षी, पावसाळा सरताना. मधले महिने इथे जुन्या राजाच्या नावानं न्यायनिवाडे झाले, हुकूम निघाले, शपथा घेतल्या गेल्या. त्यांची किंमत काय? तुमच्या विश्वातल्या कुठल्याही वसाहतीत हा प्रसंग घडू शकतो, अट एकच: बातमी जहाजाबरोबरच जायला हवी. ताऱ्यांमध्ये फोन लागत असेल तर ही कथा जन्मालाच येत नाही. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेनं ब्रिटनशी जोडली गेली आणि त्यानंतर लंडनला बसलेला साहेब इथल्या साहेबाच्या रोजच्या कामात नाक खुपसू लागला. तार आली की दूरचा कारभारी कारकून होतो. तुम्हाला तुमचे कारभारी कसे हवेत ते ठरवा. माझा सल्ला विचाराल तर पहिल्या चार-पाच कथांपुरता तरी प्रकाशापेक्षा वेगवान निरोप बंद ठेवा. निरोप जाईल तो जहाजाच्या टपालपिशवीतूनच. नंतर कधीतरी 'तार येण्याचा' काळ दाखवायची सोय त्यात शिल्लक राहते.

आता दिवसांकडे येऊ. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला जवळजवळ १७ किलोमीटर वेगानं चाललंय. त्या वेगानं सगळ्यात जवळच्या प्रॉक्झिमा सेंटॉरीला, म्हणजे ४.२४ प्रकाशवर्षांवर, पोचायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. तेव्हा थाप मारावीच लागणार. मोजून मारा म्हणजे झालं. मी बहुधा दिवसाला एक प्रकाशवर्ष असा दर सुचवतो, प्रकाशाच्या ३६५ पट. तोंडी हिशोब जमतो हे त्याचं पहिलं भूषण. प्रॉक्झिमा सव्वाचार दिवस, व्याध साडेआठ, प्रश्वा साडेअकरा, श्रवण सतरा, अभिजित पंचवीस, स्वाती सदतीस, रोहिणी पासष्ट. चित्रा गाठायची तर अडीचशे दिवस, म्हणजे मोहीमच. आकाशगंगेचं केंद्र २६ हजार प्रकाशवर्षांवर, म्हणजे एकाहत्तर वर्षं. तिथे जाणारा माणूस परत येत नाही. तुमच्या विश्वाला कुंपण आपोआप पडलं, ते वेगळं घालावं लागलं नाही.

वेग वाढवायचा मोह प्रत्येक लेखकाला होतो. वेग दुप्पट केला की ठरावीक मुदतीत पोचता येणारं अंतर दुप्पट होतं, पण त्या गोलात मावणारे तारे आठपट होतात. सूर्यापासून ३३ प्रकाशवर्षांच्या आतच तीनशेहून जास्त तारे किंवा ताऱ्यांचे गट आहेत. दहापट वेग म्हणजे हजारपट तारे. इतक्या गर्दीत सात लेखकांच्या सात कथा एकमेकींना कधी भेटणारच नाहीत, आणि मग सामाईक विश्व कशासाठी मांडलं? कमी तारे ठेवा, म्हणजे पात्रांची एकमेकांशी गाठ पडेल.

जाता जाता, नक्षत्रांच्या नावांचा मोह आवरा. मराठी लेखक हमखास रोहिणीवर किंवा ज्येष्ठेवर शेती पिकवतो, कारण नावं गोड आहेत. रोहिणी हा फुगलेला तांबूस राक्षसी तारा आहे. ज्येष्ठा त्याहून कितीतरी प्रचंड, शिवाय साडेपाचशे प्रकाशवर्षांच्या आसपास. व्याधाचं वय वीस-पंचवीस कोटी वर्षं, पृथ्वीच्या मानानं पोरगंच. त्याच्याभोवती आयतं जंगल आणि हवा मिळणार नाही. आपल्या आसपासचे बहुतेक तारे मंद लाल खुजे आहेत, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. सूर्यासारखा आणि जवळचा हवा असेल तर ११.९ प्रकाशवर्षांवरचा टाऊ सेटी आहे. त्याला तुमच्या वसाहतकऱ्यांनी काय मराठी नाव दिलं असेल ते तुम्ही ठरवा.

वाटेचा मुद्दा राजकारणाचा आहे. जहाजाला कुठूनही कुठेही उडी मारता येते, की ठरावीक दारांतूनच जावं लागतं? कुठूनही उडी मारता आली तर सीमा राखता येत नाही, जकात घेता येत नाही, वेढा घालता येत नाही, आणि पळालेला माणूस सापडत नाही. स्वातंत्र्याच्या कथा लिहायच्या असतील तर उत्तम. दारं असतील तर दारावर बसणारा आला. पोर्तुगिजांनी हिंदी महासागर ताब्यात घेतला म्हणतात तेव्हा पाण्यावर त्यांची सत्ता नव्हती. १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ अशा नाक्याच्या जागा धरल्या आणि ये-जा करणाऱ्या व्यापारी जहाजांना कार्ताझ नावाचा परवाना घ्यायला लावला. परवाना नसेल तर जहाज जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर आपलं दस्तक सुरू केलं आणि ते न घेणाऱ्यांची जहाजं धरली. कोणाचा परवाना चालेल या एका भांडणावर तुमच्या सात जणांच्या दोन वर्षांच्या कथा निघतील. त्यासाठी तुमच्या ताऱ्यांमध्ये होर्मुझ हवं, म्हणजे वाट अरुंद होणारी जागा हवी.

दारं ठेवणार असाल तर दार पडलं तर काय, हे आधीच लिहून ठेवा. १९८६ च्या पावसाळ्यात पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा पलीकडे पर्वरी-म्हापशाला जाणाऱ्यांना पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभं राहावं लागलं. नवा पूल उभा राहायला काही वर्षं गेली. फेरीबोटी पूर्वीपासून होत्या म्हणून निभावलं. तुमच्या विश्वात दाराआधीची जुनी, संथ वाट शिल्लक आहे का? ती चालवू शकणारी म्हातारी माणसं अजून जिवंत आहेत का? मला विचाराल तर अशा विश्वातली सगळ्यात चांगली कथा याच प्रश्नातून येते, पण ती कोणी पहिल्याच अंकात लिहू नका.

आता तुमच्यातल्या त्या घाबरलेल्या मित्राकडे वळतो. शास्त्रज्ञ हसतील ही भीती सोडा, ते स्वतःच या विषयावर गंभीर निबंध लिहितात. १९६२ साली बिलानिउक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी प्रकाशापेक्षा कायम वेगानंच धावणाऱ्या कणांची शक्यता मांडली. त्या कणांना टॅकिऑन हे नाव नंतर, १९६७ मध्ये, फाइनबर्गनं दिलं. असा कण आजवर सापडलेला नाही. २०११ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेकडे ७३० किलोमीटर सोडलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं मोजमाप आलं आणि जगभर खळबळ उडाली. पुढे मुख्य दोष निघाला प्रकाशतंतूच्या एका केबलीत, नीट घट्ट न बसलेली. (हा प्रसंग कोणीतरी कथेत घ्याच. केबल सैल होती असं जगाला सांगणारा माणूस खरं बोलत होता का?)

वॉर्पवाल्यांसाठी आधार आहे तो मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या १९९४ मधल्या निबंधाचा. जहाजासमोरचा अवकाश आकसतो, मागचा पसरतो, आणि मधल्या बुडबुड्यात जहाज जवळजवळ जागच्या जागी राहतं. स्थानिक पातळीवर कोणी प्रकाशाला मागे टाकत नाही. त्यासाठी ऋण ऊर्जा, म्हणजे शून्यापेक्षाही कमी ऊर्जा, लागते आणि तीही राक्षसी प्रमाणात. ऋण ऊर्जा ही निव्वळ कल्पना नाही. दोन धातूच्या पत्र्यांमधल्या अगदी अरुंद फटीत तिची सूक्ष्म खूण दिसते, ज्याला कॅसिमिर परिणाम म्हणतात. पण त्या खुणेपासून जहाजापर्यंतचं अंतर म्हणजेच तुमची थाप. वाचक एवढी थाप खुशीनं घेतो.

या संकल्पनेच्या अडचणीच लेखकाच्या जास्त कामाच्या आहेत. प्रकाशापेक्षा वेगात असताना जहाजातून निघालेला कुठलाही संकेत बुडबुड्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत पोचू शकत नाही. म्हणजे आतल्या माणसाला सुकाणू नाही. वाट निघण्याआधी आखलेली, मध्ये वळणं नाही, थांबणं नाही. दुसरं म्हणजे, २०१२ साली सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशोब करून दाखवलं की वाटेतले कण बुडबुड्याच्या तोंडाशी साठत जातात आणि जहाज थांबताना प्रचंड ऊर्जेनं पुढे फेकले जातात. समोर ग्रह असेल तर त्याचं भाजकं वांगं. त्यातून नियम मिळतो: मुक्कामाचा तारा कधीही नाकासमोर ठेवायचा नाही, बाजूला उतरायचं. मग बंदराचे वाटाडे आले, त्यांचे परवाने आले, 'नाक कुठे होतं' यावरचे खटले आले. एका खऱ्या निबंधातल्या एका अडचणीवर असा अख्खा धंदा उभा राहतो. याला मी शास्त्रीय म्हणतो. चार संज्ञा फेकल्यानं कथा शास्त्रीय होत नाही.

वर्महोलबद्दल थोडक्यात. १९८८ मध्ये मॉरिस आणि थॉर्न यांनी माणूस पार होऊ शकेल अशा वर्महोलचं गणित मांडलं, तिथेही ऋण ऊर्जाच लागते. लेखकाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की वर्महोलला दोन तोंडं असतात आणि दुसरं तोंड कोणीतरी आधी साध्या, संथ वेगानं तिकडे वाहून न्यावं लागतं. म्हणजे प्रत्येक वसाहतीचा एक 'वाहून नेण्याचा काळ' असतो, आणि जिथे तोंड पोचलेलं नाही तिथे कोणीच नाही. दारांचं राजकारण हवं असेल तर हे घ्या. हायपरस्पेसला, म्हणजे नेहमीच्या अवकाशाबाहेरच्या काल्पनिक आडवाटेला, भौतिकशास्त्राचा असा टेकू नाही, पण नियम पाळलेत तर कोणी विचारणारही नाही.

आता खरा पेच. इथे जरा दमानं वाचा, कारण जाणकार वाचक पकडतात ते इथे. सापेक्षता सिद्धांत, कार्यकारणभाव आणि प्रकाशापेक्षा जास्त वेग, या तिघांतली दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. कारण 'आत्ता' ही वेळ सगळ्यांची सारखी नसते; वेगवेगळ्या वेगानं जाणाऱ्यांचं दूरच्या जागेवरचं 'आत्ता' वेगवेगळं असतं. समजा ताऱ्यांमध्ये क्षणात निरोप पोचतो, आणि जो तो आपापल्या 'आत्ता'प्रमाणे पाठवतो. टपालघर तुमच्या वसाहतीत, आणि दहा प्रकाशवर्षांवरचं एक जहाज तुमच्यापासून प्रकाशाच्या एक-दशांश वेगानं दूर जातंय. तुम्ही विचारलं, "कसे आहात?" जहाजानं लगेच उत्तर दिलं, "बरे आहोत." ते उत्तर तुम्हाला प्रश्नाच्या एक वर्ष आधी मिळतं. एक वर्ष! आणि प्रकाशाचा दहावा हिस्साही लागत नाही: दूर जाण्याचा वेग सेकंदाला नुसता १०० किलोमीटर धरला, आणि काही तारे आपल्या सापेक्ष तेवढ्या वेगानं चाललेले आहेत, तरी उत्तर सव्वा दिवस आधी येतं. तुमच्या सात जणांतला एखादा हुशार लेखक तिसऱ्याच कथेत लॉटरीचा निकाल आदल्या दिवशी मागवेल आणि विश्व संपेल.

क्षणात निरोप नको म्हणालो त्याचं हे दुसरं कारण. दर दिवसाला एक प्रकाशवर्ष असेल तर गणित पुष्कळ माणसाळतं. दोन बाजूंमधला सापेक्ष वेग सेकंदाला सुमारे १,६४० किलोमीटरच्या वर गेला तरच उत्तर प्रश्नाआधी येऊ शकतं, आणि आपल्या शेजारचे तारे इतके वेगात नाहीत. बर्नार्डचा तारा फार घाईचा मानला जातो, तो सेकंदाला ११० किलोमीटर वेगानं आपल्याकडे येतोय. तेव्हा नियमवहीत एक ओळ टाका: जवळच्या ताऱ्याच्या सापेक्ष सेकंदाला ५०० किलोमीटरहून जास्त वेग असेल तर उडी बसत नाही. सात लेखकांनी मिळून कितीही जहाजं फिरवली, उलटसुलट निरोप पाठवले, तरी या मर्यादेत भूतकाळात काही जात नाही. कारण विचारलं तर पात्रं म्हणतील, "बसत नाही म्हणजे बसत नाही, करून बघितलेले परत आले नाहीत." वेगमर्यादा नकोच असेल तर दुसरी सोय अशी की सगळ्या उड्या एकाच सामाईक चौकटीला, म्हणजे वेळ आणि वेग मोजायच्या एकाच संदर्भाला, बांधा. विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाची, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळापासून उरलेल्या मंद प्रारणाची, चौकट सोयीची आहे, सूर्य तिच्या सापेक्ष सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगानं जातोय. सगळ्या चौकटी सारख्या हे सापेक्षतेचं म्हणणं त्यात मोडतं, पण एकदाच आणि उघडपणे.

उडी कुठून मारायची हाही प्रश्न आहे. बहुतेक जण ग्रहाच्या दारातून थेट उडी मारू देतात आणि स्वतःच्या हातानं अवकाशयान म्हणजे लिफ्ट करून टाकतात. ताऱ्यापासून ठरावीक अंतराच्या बाहेरच उडी बसेल असं ठेवा. आपल्याकडे नेपच्यूनची कक्षा धरा, पृथ्वी-सूर्य अंतराच्या तीसपट. पृथ्वीवर जाणवतं तेवढंच वजन सतत जाणवेल अशा त्वरणानं अर्धी वाट वेग घ्यायचा आणि अर्धी वाट ब्रेक लावायचा, तर तिथवर साधारण सोळा दिवस लागतात. म्हणजे टाऊ सेटीला जायचं तर सोळा दिवस बाहेर पडायला, बारा दिवस उडीचे, सोळा दिवस आत शिरायला. चव्वेचाळीस. आता तुमच्यातल्या कोणी दुप्पट वेगाचं जहाज आणलं तरी एकूण वाचतात सहा दिवस. वेगाची चढाओढ बसल्या जागी थंड पडते, कोणाला नाही म्हणावं लागत नाही. शिवाय बत्तीस दिवस साध्या अवकाशात गेल्यामुळे पाठलाग, चकमक, बाळंतपण, जुगार, सगळ्याला जागा मिळते.

या सोळा दिवसांत एक साप लपलाय, तो दाखवून ठेवतो. त्या प्रवासाच्या मध्यावर जहाजाचा वेग सेकंदाला सुमारे ६,६०० किलोमीटर होतो. जहाज हजार टनांचं धरा. वेगाचा वर्ग, वस्तुमानानं गुणा, निम्मं करा: ऊर्जा येते पाच हजार मेगाटनांच्या घरात, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या तीन-साडेतीन लाखपट. ब्रेक न लावता ते ग्रहावर आदळलं तर? प्रत्येक मालवाहू जहाज महासंहारक अस्त्र आहे, आणि तुमच्या कथेतला विशीतला हताश कप्तान ते चालवतोय. कुठलं सरकार हे खपवून घेईल? त्वरण शंभरपट कमी केलं तर ऊर्जाही शंभरपट कमी, पन्नासेक मेगाटन. पण सोळा दिवसांचे पाच महिने होतात. यावर निखळ उपाय नाही, तडजोडी आहेत: वस्तीपासून दूर आखलेल्या वाटा, बंदराच्या ताब्यात जाणारं सुकाणू, जामीन म्हणून मागे राहिलेलं कुटुंब. तुमच्या विश्वाचा स्वभाव क्रूर की सौम्य, ते यातलं काय निवडता त्यावर ठरेल. हे भौतिकशास्त्रातून सुटणार नाही, सात जणांनी बसून बोलावं लागेल.

खर्चाबद्दल फार ताणत नाही. उडीचं जहाज ट्रॉलरच्या किमतीत मिळतं की धरणाच्या, एवढं ठरवा. ट्रॉलरच्या किमतीत असेल तर दर घराण्याचं एक, कर्जं, चाचेगिरी, भाऊबंदकी. धरणाच्या किमतीत असेल तर कंपन्या आणि सरकारं.

आता सामाईक लेखनाची व्यवस्था. नियमवही एका माणसाकडे, समितीकडे नाही. तीत पहिलं पान फक्त 'होत नाही' अशा गोष्टींचं: उडी मध्ये थांबवता येत नाही, अमुक वेगावर बसत नाही, अमुक अंतराच्या आत बसत नाही, निरोप जहाजाशिवाय जात नाही. इंजिन आत कसं चालतं याबद्दल वहीत एक ओळही नको. ते कोणालाच ठाऊक नसलं तर कोणी कथेच्या शेवटी 'पण तिनं तरंगांची दिशा उलटी केली आणि...' असं करून सुटू शकत नाही. अडचणीत सापडलेला लेखक पहिला घाला इंजिनावरच घालतो.

दुसरं पान जहाजांच्या वेळापत्रकाचं, आणि हे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. प्रत्येक कथा छापण्याआधी तिच्यातलं प्रत्येक जहाज कोणत्या तारखेला कुठून निघालं, कधी पोचलं आणि कुठली बातमी घेऊन गेलं, ते तिथे चढवायचं. एका अंकाच्या वेळी असं झालं होतं: एकाच्या कथेत वसाहतीत बंड होऊन गोदामं जळाली, आणि दुसऱ्या लेखिकेची नायिका, चार प्रकाशवर्षांवर बसलेली, त्याच रात्री त्या बंडाच्या काळजीनं जागी. दोघांचंही लेखन छान होतं. वेळापत्रक उघडलं तर बातमी छत्तीस-सदतीस दिवसांआधी तिला मिळणं शक्यच नव्हतं. लेखिका आधी वैतागली. मग तिनं दुरुस्ती केली ती अशी: नायिका त्या महिन्याभरात त्याच गोदामाच्या मालकाशी नेहमीसारखा व्यवहार करत राहते, माल रवाना करते, दर पाडून मागते, पत्रात त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करते. वाचकाला गोदाम जळाल्याचं माहीत असतं, तिला नसतं. त्या अंकात लोकांना लक्षात राहिली ती हीच कथा.

नियम बदलायची वाटही ठेवा, नाहीतर तिसऱ्या वर्षी सगळे कंटाळतील. नवं तंत्र आणायचं तर ते कथेच्या शेवटी उगवता कामा नये. एका अंकात त्याची अफवा, पुढच्यात ते दिसावं, आणि मग सगळ्यांच्या वेळापत्रकात एकाच तारखेपासून चढावं. जुन्या तंत्रावर पोट असणाऱ्यांचं काय झालं, हे लिहायची जबाबदारी ते तंत्र आणणाऱ्यावरच टाका. या अटीमुळे निम्मे शोध आपोआप मागे घेतले जातात.

बैठकीआधी एक काम करा. सातही जणांनी एकाच प्रसंगावर दोन-दोन पानं लिहून आणायची: बाप गेल्याची बातमी टाऊ सेटीवरच्या मुलीला कळते आणि तिला अंत्यविधीसाठी, निदान वर्षश्राद्धाला तरी, पृथ्वीवर पोचायचंय. कोणीही आधी दुसऱ्याला काही विचारायचं नाही. मग पानं शेजारी ठेवून वाचा. तिला बातमी कशी कळली, तिकिटाचे पैसे कोणाकडून उसने घेतले, वाटेत कोणी अडवलं, ती कितव्या दिवशी पोचली, या चार जागी तुमचे सात जण वेगवेगळ्या दिशांना गेलेले दिसतील. तेच चार मुद्दे वहीत पहिले घाला. वॉर्प की वर्महोल हे त्यानंतर मतानं ठरवा, आणि बरोबरी झाली तर सावंतवाडीकराला दोन मतं द्या. बैठकीसाठी सीमा ओलांडून येणार तो एकटाच आहे.